जगाचा आवाज सांभाळणारे भिकनभाऊ

भिकनभाऊ देवरे यांच्या दारावर नावाची पाटी नव्हती, दोषांची यादी होती. जाड पुठ्ठ्यावर निळ्या शाईत वर ठळक मथळा, 'माहीत असलेले दोष', आणि खाली क्रमांकाने एकेक. एक, दरवाजा पावसाळ्यात फुगतो, उपाय: उजव्या खांद्याने ढकलणे. दोन, जिन्याची चौथी पायरी हलते, उपाय: तिसरीवरून थेट पाचवीवर जाणे. तीन, बेल वाजत नाही, उपाय: मोठ्याने हाक मारणे. चार, नळाला सकाळीच पाणी, उपाय: सकाळी उठणे.

ही यादी जिना चढून वर आल्यावर दिसे, त्यामुळे चौथी पायरी माणसाला आधीच भेटलेली असे. पहिल्या भेटीत मीही तिथे धडपडले आणि वर येऊन हे त्यांच्या निदर्शनास आणून दिलं. दुसरा कुणी ओशाळला असता. भिकनभाऊंचा चेहरा उजळला. "बाई, हा पाचवा दोष," म्हणाले, आणि माझ्यासमोरच लिहून टाकलं: पाच, यादी चुकीच्या जागी आहे. यादी मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिली. दोष नोंदला गेला की त्यांचा जीव शांत होई, दुरुस्तीची एवढी घाई नसे.

सहावा दोष वेगळ्या अक्षरात होता. त्यांच्या बायकोने, सुमनने, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने पेन्सिलीने लिहिलेला: भिकन. हाक मारली तर ओ देत नाही. उपाय नाही. गल्लीतल्या आम्ही बायका ते वाचून पोट धरून हसायचो. प्रत्येकीला तो आपल्याच नवऱ्याबद्दल लिहिल्यासारखा वाटे.

सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत खाली बारा माग होते आणि वर भिकनभाऊ. ते स्वतः मागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग हात काळे करून पुन्हा चालता करणारे मिस्त्री. आईवडिलांबरोबर धुळ्याकडून आले आणि मिसरूड फुटायच्या आत कारखान्यात शिरले. हे झालं पोटाचं काम. त्यांचं खरं काम वरच्या खोलीत खिडकीजवळ एका जुनाट संगणकावर चाले. जगभर लोक फुकट वापरतात आणि ज्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून पाहू शकतो अशा एका ऑडिओ सर्व्हरची देखरेख ते करत. त्याचा कोड तपासणं, त्याची माहितीपुस्तिका लिहिणं, आणि ब्लूटूथवाले हेडफोन त्याच्याशी नीट बोलतात की नाही ते पाहणं.

ऑडिओ सर्व्हर म्हणजे काय, हे मी विचारलं होतं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे. न कळलेलं विचारायला मला लाज वाटत नाही. ते म्हणाले, "पर्वत पाटियाच्या चौकात टेम्पो, रिक्षा, हातगाडी सगळं एकदम घुसतं ना बाई? तसं कॉम्प्युटरमधे गाणं, मिटिंग, व्हिडिओ, घंटी, सगळे आवाज एकदम घुसतात. त्यांना बराबर लाइनीत सोडणारा जो पोलीस, तो आपला सर्व्हर."

"आणि तुम्ही कोण?"

"मी त्या पोलिसाला पाणी पाजतो."

हे पाणी पाजायचं काम त्यांच्या गळ्यात कसं पडलं, तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. कारखान्याच्या ऑफिसातून टाकून दिलेला संगणक त्यांनी घरी आणला. त्यातून आवाज येईना. त्यांनी इंटरनेटवर, जमेल त्या इंग्रजीत, विचारलं. उत्तर आलं: माहितीपुस्तिका वाचा. असं उत्तर मिळालेला माणूस सहसा चिडतो आणि निघून जातो. भिकनभाऊंनी पुस्तिका वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीवर बोट ठेवून. बहुधा असं करणारे ते जगातले पहिलेच असावेत, कारण त्यांनी कळवलेल्या चुकांची यादी पाहून पलीकडचे लोक थक्क झाले. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये नळ गळतो म्हणणाऱ्यालाच पाणी समितीचा सचिव करतात, तसं झालं. दोनेक वर्षांत कोडच्या किल्ल्या यांच्या हातात. दुसरी किल्ली योनास नावाच्या एका गृहस्थांकडे होती, ते कुठल्याशा थंड देशात राहत. बाकीचे तीन-चार जण श्रावणातल्या उन्हासारखे येऊन जाऊन.

या कामावर भिकनभाऊंचा विलक्षण जीव होता. कारखान्यात ते 'ए भिकन' होते. या कामात त्यांच्या होकाराशिवाय एक ओळ आत जात नव्हती. त्यांना आयुष्यात एकच भीती होती, की हे काम कधीतरी आपल्याकडून काढून घेतील. ही भीती वेडगळ आहे असं मी कितीदा म्हटलं. ती कुठून आली, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

त्यांचा सौजन्याचा सगळा साठा परदेशी तक्रारदारांसाठी राखीव असे. दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तर जिन्यावरून त्याचा उद्धार करणारे भिकनभाऊ, 'तुमच्या भिकार सॉफ्टवेअरने माझा दिवस बरबाद केला' असं लिहिणाऱ्या माणसाला लिहीत, 'कळवल्याबद्दल आभारी आहे. आपला हेडफोन कोणत्या कंपनीचा, तो किती अंतरावर होता, आणि मध्ये भिंत होती का?' तो पुन्हा शिव्या देई. हे पुन्हा आभार मानत आणि भिंतीचं विचारत. तिसऱ्या खेपेला तो माणूस गपगुमान भिंत मोजून येई. माझ्या वर्गावर मला हे कधी जमलं नाही.

पलंगाखाली त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात हेडफोन. जगभरातून लोकांनी पाठवलेले, रविवारच्या बाजारातून आणलेले, रिक्षावाल्यांनी 'बिघडला, तुम्हीच ठेवा' म्हणून दिलेले. प्रत्येकाला मागावरच्या सुताचा धागा बांधलेला आणि धाग्याला चिठ्ठी: हा पटकन जोडला जातो पण विसरतो, हा फोन आला की गाण्याला ओळख देत नाही, हा डावा-उजवा सांगतो ते खोटं. ब्लूटूथबद्दल त्यांचं ठाम मत होतं. "कागदावर सगळे भाऊ भाऊ, बाई. एका घरात आणून बसवले की वाटण्या सुरू." या वाटण्या मिटवण्यात त्यांची अर्धी हयात गेली. पेटीतला एक जुना राखाडी हेडफोन त्यांना सगळ्यांत प्रिय, कारण तो कशाशीच जोडला जात नसे. "हा प्रामाणिक आहे," म्हणायचे.

मी यात ओढली गेले ती पुस्तिकेच्या मराठीसाठी. मराठी शाळेतली बाई गल्लीत असताना पुस्तिका मराठीत नाही, हा त्यांच्या दृष्टीने दोष होता. मी मोठ्या हौसेने पहिलं पान लिहून नेलं. त्यात 'ध्वनिग्राहक', 'युग्मन', 'बिनतारी उपकरण' अशी एकाहून एक ठेवणीतली रत्नं होती. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "बाई, हे लिंबायतमधे कोण बोलतं?" मी म्हटलं, लिहायची भाषा वेगळी असते. "असेल. पण हेडफोन हातात बोलणाऱ्या माणसाच्या असतो." मला राग आला. घरी येऊन मी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी 'युग्मन' काढून 'जोडणी' केलं. ते बरोबर होते, आणि बरोबर असलेल्या माणसावर रागावण्यात फार शक्ती जाते.

त्यांची एक पद्धत होती. लिहिलेली प्रत्येक ओळ आधी सुमनवर चालवून पाहायची. सुमन घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. तिला मध्येच उठवायचं, हातात हेडफोन द्यायचा, आपण ओळ वाचायची आणि तिने ऐकेल तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही, अशी अट. सुमनसारख्या बाईला ही अट घालणं हेच मुळात धाडस होतं, पण ती पाळायची. एकदा मी वाचलं, 'बटण दाबून ठेवा. निळा दिवा लागेल.' तिने दाबलं. दिवा लागला. आम्ही दोघं पुढच्या ओळीत 'यादी' म्हणावं की 'नावं' यावर वाद घालू लागलो. वाद बराच रंगला. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तेव्हा मी वळून पाहिलं, तर सुमन खोलीच्या मधोमध उभी, अंगठा बटणावर, नजर आमच्यावर.

"कव्हय सोडानं ते लिखेल नही शे," ती ठणकावून म्हणाली. कधी सोडायचं, ते लिहिलेलंच नाही. "मी कव्हढा टाइम दाबी ठेवू? भात करपी गया."

दुसऱ्या घरात या भातावरून महाभारत झालं असतं. भिकनभाऊंनी टाळी वाजवली. इंग्रजी, जर्मन, सगळ्या भाषांतल्या पुस्तिकांत तो दोष होता आणि इतक्या वर्षांत एकाही शहाण्याच्या तो लक्षात आला नव्हता. संध्याकाळपर्यंत जगभर दुरुस्ती गेली: 'दिवा लागताच बटण सोडा.' खाली शोधणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत असते. तिथे त्यांनी 'घरातील चाचणी' असं लिहिलं. सुमनला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाव कसाले देतीन? भात कोना करपना ते भी कोणी इचारं नही."

आता त्या ठोक्याची गोष्ट.

भर पावसाळ्यात योनासने कळवलं, की ब्लूटूथ हेडफोनच्या मायक्रोफोनमधून बोललं की आवाजाच्या मागे एक ठोका ऐकू येतो. खट, खट, खट. ठरावीक अंतराने. भिकनभाऊ चाचणी म्हणून स्वतःचा आवाज भरून पाठवत, 'एक, दोन, तीन, चाचणी', त्या प्रत्येक फाइलमध्ये तो होता. योनासच्या स्वतःच्या फाइलमध्ये नव्हता. म्हणजे दोष काही ठरावीक हेडफोनपुरता, असं दोघांनी ठरवलं. भिकनभाऊंनी पेटीतले सगळे हेडफोन एकेक करून लावले. सगळ्यांत ठोका! योनासने ठोक्यांमधलं अंतर मोजलं, त्यावरून एक सिद्धांत मांडला. यांनी तो खोडून दुसरा मांडला. आणखी दोन देशांतल्या दोघांनी, आम्हालाही अगदी असाच ठोका येतो, असं शपथेवर सांगितलं. त्या वर्षी भिकनभाऊ दिवाळीला गावी गेले नाहीत. सुमनचं माहेर त्यामुळे चुकलं. त्यावर ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

धनतेरसला गल्लीतले माग बंद झाले, कामगार गावी पांगले. पाडव्याच्या दिवशी भिकनभाऊंनी कोडमध्ये एक बदल केला, आवाज भरला, पाठवला. ठोका गायब. योनासने अभिनंदन केलं. त्या दोन देशांतल्या दोघांनीही, आमचाही ठोका गेला, म्हणून आभार मानले. भिकनभाऊंनी सगळ्या जगाला जाहीर केलं, दोष दूर झाला. त्यांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला, हे मला आजही आठवतं.

लाभपाचमेला सुरतचे सगळे धंदे पुन्हा उघडतात. नारळ फुटले, माग सुरू झाले, आणि सकाळी पाठवलेल्या पहिल्याच फाइलमध्ये योनासला ठोका ऐकू आला.

दुपारी मी चकल्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा ते डोकं धरून बसले होते. त्यांनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, मला ऐकवा तरी. हेडफोन कानाला लावला आणि मला हसूच फुटलं. "अहो भिकनभाऊ, हा माग आहे! खालचा, भिंतीला लागून यंदा बसवलाय तो. धोटा इकडून तिकडे आपटतो, त्याचा ठोका आहे हा." बाकीचा गोंगाट मायक्रोफोन गाळून टाकत असणार, पण तो एक जवळचा ठोका त्यातून पार होत होता. लिंबायतमधलं शेंबडं पोरही ओळखेल असा आवाज, आणि तीन महिने जगातले चार शहाणे त्यावर सिद्धांत मांडत होते. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले.

त्यांनी हेडफोन उचलून कानाला लावला. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ सरकत होती, तिच्याकडे एकटक पाहत ते मान डोलवू लागले. "हो, हो. येतोय. बराबर. माग आहे."

हेडफोनचा दिवा विझलेला होता. मी खाली ठेवला तेव्हाच तो बंद पडला होता. त्याच्यातून काहीही येत नव्हतं.

मी तीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकावरच्या आईबापांच्या खोट्या सह्या पकडल्या. हे पकडायला मला इतका वेळ का लागला, याची मला आजही शरम वाटते. मी हलकेच म्हटलं, "भिकनभाऊ." त्यांनी पाहिलं नाही. मग मी दिव्याकडे बोट केलं.

त्यांनी हेडफोन काढला. तो टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, बसा."

कारखान्यात शिरल्यापासून हळूहळू गेलं होतं. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची बेल. बेल वाजत होती; त्यांनाच ती ऐकू येत नव्हती, आणि त्यांनी ती दोष क्रमांक तीन म्हणून नोंदली होती. बोललेलं ते बरंचसं ओठांवरून ओळखत. आणि सर्व्हरचा आवाज ते पाहत. रेघ कुठे वर गेली, कुठे तुटली, कुठे दात आले, यावरून त्यांना सगळं कळे, आणि सहसा बरोबर कळे. ठोक्याचे दात त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होते. फक्त तो कशाचा ठोका, हे दात सांगत नाहीत.

"हे योनासला माहीत आहे?"

"नाही." ते खाली पाहत म्हणाले. "नवी आवृत्ती काढायच्या आधी एक यादी भरायची असते, बाई. त्यातली शेवटची ओळ, 'माणसाने ऐकून पाहिलं', आणि पुढे नाव. ते नाव माझं असतं."

पुस्तिकेत एक कानामात्रा खोटा चालू न देणारा माणूस गेली कित्येक वर्षं, प्रत्येक आवृत्तीला, एक धादांत खोटी ओळ लिहीत होता. मी संतापले. बरंच बोलले; मोठ्याने बोलले, म्हणजे त्यांना ऐकू गेलं असावं. ते एवढंच म्हणाले, "सांगितलं तर काढतील. कान गेलेला माणूस आवाजाच्या कामावर कोण ठेवील? कारखान्यात तर धागा दिसेना झाला की दुसऱ्या दिवशी माणूस बदलतात."

मग मी गप्प बसले. कुणाला सांगितलं नाही. मला त्यांची दया आली, हे खरं कारण. ते चांगलं कारण होतं का, ते मला माहीत नाही.

ठोक्याचा शेवट मात्र गोड झाला. भिकनभाऊंनी चूक कबूल केली आणि पुस्तिकेत एक ओळ वाढवली: 'तक्रार करण्यापूर्वी आपल्या घरात किंवा खालच्या मजल्यावर माग चालू नाही ना, ते पाहावे.' ती ओळ आजही सगळ्या भाषांत आहे. ज्यांनी जन्मात माग पाहिला नाही असे लोक, कुठल्या कुठल्या देशांत, हेडफोन खरखरला की ती वाचतात आणि बहुधा वाकून खालच्या मजल्याकडे पाहत असतील.

त्यानंतरच्या आवृत्तीलाही त्यांनी ऐकून पाहिल्याची सही केली. आठवड्याभरात एक पत्र आलं. लिहिणाऱ्या बाईंना दिसत नव्हतं. त्यांचा संगणक पडद्यावरचा सगळा मजकूर वाचून दाखवतो, आणि त्या दिवसभर ब्लूटूथ हेडफोन लावून त्यावर नोकरी करतात. नवी आवृत्ती घेतल्यापासून एक बारीक शिट्टी सतत कानात वाजते, असं त्यांनी लिहिलं होतं. आधी वाटलं, आपल्याच कानात काही झालं. डॉक्टरकडे जाऊन आले. आता वाटतं तुमच्याकडून असेल. माझी चूक असल्यास माफ करा.

भिकनभाऊंनी जुना आलेख काढून पाहिला. वरच्या बाजूला एक केसाएवढी रेघ होती. ती त्यांनी तेव्हाही पाहिली होती, आणि विजेची असेल म्हणून सोडून दिली होती.

त्यांनी मला बोलावून घेतलं आणि ते पत्र पुढे ठेवलं. शिव्या देणाऱ्यांचं त्यांना काही वाटत नसे. या बाई माफी मागत होत्या. "डॉक्टरकडे गेली ती, बाई," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मग त्यांनी, त्यांना येत होती त्या एकाच रीतीने, कबुली दिली. प्रकल्पाच्या जाहीर दोषांच्या यादीत एक नवा दोष नोंदवला. 'देखरेख करणारा भिकन वरच्या पट्टीतले आवाज ऐकू शकत नाही. हे त्याला पूर्वीपासून माहीत आहे. मागील आवृत्त्यांत त्याने ऐकून पाहिल्याचे लिहिले, ते खोटे आहे. उपाय: ऐकण्याचे काम दुसऱ्याने करावे.' माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं. बटण दाबलं आणि संगणक बंद करून, भर दुपारी, पांघरूण घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले नाहीत. मी तिथेच होते. संगणक उघडायचं धाडस त्यांना होईना. शेवटी मीच उघडला.

पहिलं उत्तर कुणा अनोळखी माणसाचं होतं: दोष नोंदवताना ठरलेला नमुना वापरावा, तुम्ही आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला नाही. दुसरं योनासचं. 'दोष मान्य. तू खोटं लिहिलंस याचा मला राग आला आहे, आणि मी तीन महिने एक माग शोधत होतो त्याचाही. शिट्टीची दुरुस्ती उद्यापर्यंत पाठव. ऐकायचं काम कोण घेतं?' तिसरं त्या दिसत नसलेल्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, कळवल्याबद्दल आभारी आहे.

शिट्टीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी गेली. आणि 'ऐकायचं काम कोण घेतं?' याला कुणाचंही उत्तर आलं नाही. एक आठवडा नाही, एक महिना नाही. किल्ल्या काढून घेतील म्हणून या माणसाने वर्षानुवर्षं झोप घालवली, आणि इथे घ्यायला माणूसच नव्हता. नवी आवृत्ती अडकून पडली. भिकनभाऊ रोज ती रिकामी ओळ पाहत बसत. आता खोटं लिहायची सोय राहिली नव्हती.

तेव्हा एक दिवस साडीवर खडे लावता लावता सुमन म्हणाली, "मी आयकस ना. मन्हा कानस्ले काय व्हयनं?"

तिच्या कानांना काहीच झालेलं नव्हतं. नवऱ्याला कमी ऐकू येतं, हे ती सगळ्यांत आधी ओळखून होती. तिने ते दारावर लिहूनही ठेवलं होतं, आणि आम्ही हसलो होतो. भिकनभाऊ म्हणाले, तुला कळेल का? ती म्हणाली, "भात कोणले कळना व्हता?"

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही सुरत सोडली. मी निवृत्त झाले होते, माझ्या नवऱ्याचीही रेल्वेची नोकरी संपली. अमरावतीला परत निघालो होतो. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले. चौथी पायरी सांभाळून वर आले, दारातून हाक मारली. दोघांनाही ऐकू गेली नाही. सुमनने कानाला हेडफोन लावला होता, डोळे मिटले होते, मांडीवर अर्धी साडी तशीच. भिकनभाऊ तिच्या समोर स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

तिने डोळे उघडले. "परत लावा."

त्यांनी परत लावलं. तिने पुन्हा डोळे मिटले. गल्लीतल्या दूधवाल्याला पाच मिनिटं न देणारा माणूस हात जोडल्यासारखा बसून राहिला.

"शिट्टी शे का?" त्यांनी विचारलं.

"नही."

"बराबर आयक."

"नही शे. सांगस ना मी." ती ओरडली नाही. इतकी वर्षं मी तिला त्यांच्याशी ओरडूनच बोलताना ऐकलं होतं. आता ते तिच्या तोंडाकडेच पाहत होते, आणि ती सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलत होती.

भिकनभाऊंनी यादीतली शेवटची ओळ उघडली आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिने साडी बाजूला ठेवली, बोट पदराला पुसलं आणि एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं. बराच वेळ लागला. 'न' सापडेना, त्यांनी दाखवायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला आणि स्वतःच शोधला.

सुमन.

"आडनाव?" ते म्हणाले.

"कसाले?" सुमन म्हणाली. "कान मन्हा शेतस."